सिंथेसायझरची बटणे आणि वादकाची बोटे

तंबोरा जुळवणाऱ्याचा हात खुंटीवर असतो आणि कान तारेवर. खुंटी किंचित पिळली की फरक तत्क्षणी ऐकू येतो. ती कोठे आहे हे पाहावे लागत नाही. विजेच्या साहाय्याने नाद घडविणाऱ्या सिंथेसायझर या वाद्यात हात आणि कान यांचा हा संबंध मध्यंतरी तुटला होता.

1970 साली अमेरिकेत निघालेल्या मिनीमूगवर नादाच्या बहुतेक गुणांना स्वतंत्र गोल खुंटी किंवा खटका होता. वाद्याकडे नुसते पाहिले तरी आवाज कसा लावला आहे, याची कल्पना येई. 1983 साली जपानच्या यामाहा कंपनीने डीएक्स-7 आणले आणि चित्र पालटले. यात 'ऑपरेटर' नावाचे सहा नादस्रोत. एकाच्या कंपनाने दुसऱ्याची कंपनसंख्या हलवावयाची, अशी योजना. त्यांच्या जोडणीचे प्रकार 32. प्रत्येक ऑपरेटरच्या चढउताराला चार वेग आणि चार पातळ्या. म्हणजे सहांची मिळून 48 मूल्ये झाली, आणि हा हिशेब केवळ चढउताराचा! इतक्या खुंट्या बसवावयाच्या तर वाद्य महाग आणि अवजड झाले असते. म्हणून चपटी बटणे, मूल्य बदलण्यासाठी एकच सरकती दांडी, आणि सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळींची चिमुकली खिडकी, एवढ्यावर भागविण्यात आले. एकेका बटणाकडे प्रसंगानुसार दोन-तीन कामे आली.

कचेरीत वावरणाऱ्या माणसाला ही अवस्था परिचित वाटेल: कागद हरवलेला नाही, पण तो कोणत्या कपाटातील कोणत्या फायलीत आहे हे आठवेपर्यंत तो कशासाठी हवा होता याचाच विसर पडतो. पुष्कळ वादकांनी मग नवा नाद घडविण्याचा नाद सोडला आणि कारखान्यातून भरून आलेल्या आवाजांवर समाधान मानले. डीएक्स-7 चा काचेसारखा लखलखीत विद्युत्-पियानो त्या दशकातील असंख्य पाश्चात्त्य गीतांत ऐकू येतो, त्याचे एक कारण हेही असावे.

तरी त्या रचनेत एक सोय अगदी शहाणपणाची होती. बदललेला आवाज आणि मूळचा आवाज एका बटणाने आलटून पालटून ऐकता येत. चूक करण्याची भीती त्याने कमी होते. अशी सोय प्रत्येक वाद्यावर असावी, असे माझे मत आहे.

साध्या खुंटीतही एक अडचण असते. स्मृतीतून दुसरा आवाज बोलावला की मूल्य बदलते, पण खुंटीचा काटा जुन्या जागीच राहतो. तिला हात लावताच आवाज एकदम उडी मारतो. स्वीडनच्या क्लाविया कंपनीने 2001 च्या नॉर्ड लीड 3 वर अखंड फिरणाऱ्या खुंट्या आणि त्यांच्याभोवती दिव्यांची कडी बसवून हा दोष दूर केला. आवाज बदलला की दिवेही बदलतात. कॉर्गच्या 2020 मधील ऑपसिक्समध्ये सहा ऑपरेटरांना सहा सरकत्या दांड्या आणि सहा खुंट्या मिळाल्या. प्रत्यक्ष ऐकू येणारा ऑपरेटर कोणता आणि दुसऱ्याला हलविणारा कोणता, हे त्यांच्या प्रकाशाच्या रंगावरून समजते.

सर्वच मूल्यांना खुंट्या देणे आजही शक्य नाही. तेव्हा वाजविताना जी सतत हलवावी लागतात त्यांना बोटांखाली कायमची जागा द्यावी. क्वचित लागणारी खुशाल खिडकीआड राहोत, मात्र तेथून एका दाबासरशी परत येता आले पाहिजे. कोणती मूल्ये सतत हलवावी लागतात, हे मात्र नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर कळत नाही; त्यासाठी अंधुक प्रकाशातील रंगमंचावर, डावा हात स्वरपट्ट्यांत गुंतलेल्या वादकाचा उजवा हात कोठे जातो ते पाहत बसावे लागते.