चार तारा कशा मिळवायच्या?

व्हायोलिनवादक विष्णु गोविंद जोगांना घेऊन आज कोलकात्याला पोहोचायचं होतं, पण त्यांची आकाशवाणीतली वर्षं पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मध्ये रेणापूरहून एका आजोबांचं पत्र आलं आहे. नात लातूरला व्हायोलिन शिकते. आधीच्या सरांनी लावून दिलेला तारांचा मेळ नव्या बाईंनी बदलायला लावला. आजोबा विचारतात, बरोबर कोण?

दोघंही बरोबर आहेत. या वाद्याच्या तारा मुळात एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर मिळवलेल्या असतात. सर्वांत जाड तार षड्ज धरली, तर पुढच्या तीन प, रे, ध अशा येतात. पाश्चात्त्य संगीताला ते सोयीचं. पण अशा मेळात भैरव वाजवून बघा. गज किंचित कलला की शेजारची मोकळी तार बोलते आणि कोमल रिषभाच्या रागात शुद्ध रिषभ कानात घुसतो. म्हणून शेवटच्या दोन तारा एकेक स्वर उतरवून सा-प-सा-प करतात. आता चुकून तार लागली तरी सा किंवा पच निघणार. शिवाय खालच्या सप्तकात बसलेली बोटं वरच्या सप्तकात तशीच चालतात. उतरवलेल्या तारांची धार थोडी कमी होते, हे खरं. काहीजण प-सा-प-सा लावतात. त्यात तार षड्ज मोकळ्या तारेवर मिळतो.

हे सगळं जोगांच्या लेखात कशाला? कारण मैफलीतला वादक आपल्या हाताला बसेल तो मेळ लावून मोकळा होतो. वर्गात दहा मुलं असली की चाळीस तारा एकसारख्या मिळवाव्या लागतात, आणि का मिळवायच्या तेही सांगावं लागतं. वाईत 1922 साली जन्मलेले जोग लखनौच्या मॉरिस कॉलेजात नुसते शिकले नाहीत, तिथे त्यांनी शिकवलंही. भातखंड्यांनी 1926 मध्ये उभारलेल्या या संस्थेचे प्राचार्य श्रीकृष्ण रातंजनकर. ते गवई. त्यांच्या हाताखाली व्हायोलिन घडायचं म्हणजे आधी बंदिश गळ्यात, मग बोटांत. पुढे जोगांनी मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडून तंतकारीही घेतली. त्यांच्या वादनात गायकी आणि तंतकारी इतक्या सहज शेजारी नांदतात, त्याची मुळं मला या दोन घरांत दिसतात.

त्याच कॉलेजातले चिदानंद नगरकर मुंबईत भारतीय विद्या भवनाच्या संगीत शिक्षापीठाचे प्राचार्य झाले, के. जी. गिंडे वल्लभ संगीतालयात गेले. रातंजनकरांच्या तालमीतून गवयांइतक्याच संस्था सांभाळणारी माणसं बाहेर पडली, आणि याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळालेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता नातीसाठी दोन गोष्टी. मेळ बदलायचा तर एकदाच बदला. रोज वर-खाली केलं की तारा तुटतात आणि खुंट्या सैल पडतात. आणि मांडी घालून बसताना उजवा पाय पुढे घेऊन व्हायोलिनचं डोकं घोट्याजवळ नीट टेकलंय का, ते आधी पाहा. वाद्याचा भार पायावर गेला की डावा हात मोकळा होतो. त्याशिवाय लांब मींड निघतच नाही; खांद्यावर तोललेलं वाद्य सावरतानाच हात अडकून राहतो.

पुढच्या आठवड्यात कोलकाता. बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या जुगलबंद्याही तेव्हाच घेऊ.