पोळी-भात सोडल्यावरची भूक

पोळी, भात व साखर यांना आहारातून रजा दिल्यावर पहिल्या आठवड्यात जी अनावर भूक उसळते, ती मनोदौर्बल्याची निशाणी मानून स्वतःला दोष देण्यापूर्वी यकृतातील शिलकेचा हिशेब पाहणे इष्ट होय. तेथे ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली सुमारे १०० ग्रॅम शर्करा एक-दोन दिवसांत खर्ची पडते. तिच्या दर ग्रॅमामागे धरलेले सुमारे ३ ग्रॅम पाणीही जाते (आरंभीची वजनातील घट म्हणूनच बव्हंशी पाण्याची असते), आणि इन्शुलिन उतरल्याने मूत्रपिंडे मीठही अधिक बाहेर टाकतात. डोके जड होणे व पाय गळून जाणे हे बहुधा या तुटीचे परिणाम, आणि त्यांवर मीठ घातलेले पेलाभर ताक उपयोगी पडते. परंतु चारच्या चहाबरोबर हात बिस्किटांच्या डब्याकडे वळतो, तो पुष्कळदा वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने. धान्याबरोबर तूप-तेलही वर्ज्य करणारे मात्र खरोखरच उपाशी राहतात, आणि त्यांची तक्रार वाजवी आहे. यकृत चरबीपासून कीटोन हे शर्करेऐवजीचे इंधन पुरेशा प्रमाणात करू लागले, की अनेकांची भूक मंदावते. मधुमेहावर इन्शुलिन किंवा तत्सम औषध घेणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून हा बदल करू नये. त्याला घाम व थरथर यांसह भूक लागली, तर तत्काळ साखर द्यावी.