कळफलक बिघडला कीं प्रणाली?

संगणकाचा कळफलक मनासारखा चालेनासा झाला, म्हणजे घरांत प्रथम मुलावर ठपका येतो, आणि मग नवा विकत आणण्याची गोष्ट निघते. केळापूर तालुक्यांतील शेतकरी पालकांस हा खर्च हलका नाहीं. शिवाय दोष पुष्कळदां कळफलकांत नसतोच. तो कोठें आहे हें ओळखावें कसें, तें आम्ही येथें सांगतों.

आमचें विवेचन लिनक्स या प्रणालीपुरतें आहे. हिचा गाभा फिनलंडांतील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केला, व तो कोणासही उघडून वाचतां येतो. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' ही प्रणालीही याच गाभ्यावर उभी आहे.

पहिली परीक्षा अशी: तोच कळफलक दुसऱ्या संगणकास लावून पाहावा. दुसरा संगणक नसेल, तर यंत्र सुरू होतांच, लिनक्स जागी होण्यापूर्वीं, 'बायोस'च्या पडद्यावर कळा दाबून पाहाव्या. तेथें त्या नीट चालल्या, तर कळफलक बहुधा निर्दोष समजावा. सर्वत्र अडखळल्या, तर यूएसबीची खोबण बदलावी, वायर तपासावी, आणि कळांखालीं धूळ किंवा कापसाचे तंतू अडकले असल्यास जोडणी काढून ते झाडावे.

दुसरी परीक्षा प्रणालीच्या स्वतःच्या साक्षीची. कळफलक काढून पुन्हां लावावा, आणि टर्मिनलमध्यें डी, एम, ई, एस, जी हीं पांच इंग्रजी अक्षरें सलग लिहून एंटर दाबावें. कळा मुळींच चालत नसतील, तर पडद्यावरील कळफलक माउसनें वापरावा. कांहीं यंत्रांत यासाठीं प्रशासकाचा अधिकार लागतो. शेवटच्या ओळींत नव्या यूएसबी उपकरणाची नोंद नसेल, तर कळफलकाची वार्ता गाभ्यापर्यंत पोंचलीच नाहीं. उपकरणाची ओळख वाचतां आली नाहीं, अशी तक्रार वारंवार दिसली, तर वायर, खोबण किंवा वीजपुरवठा यांवर संशय घ्यावा.

नोंद चोख असूनही कळा वेड्यावांकड्या वागत असतील, तर तीन कारणें पाहावीं. इंग्रजी 'के' दाबतां 'क' आणि 'जे' दाबतां 'र' उमटला, तर इन्स्क्रिप्ट ही देवनागरीची मांडणी चालूं झाली आहे, एवढेंच, ती बदलावी. कळ क्षणभर दाबून धरल्यावांचून अक्षर उमटत नसेल, तर 'मंद कळा' ही सोय बंद करावी. ज्यांचे हात कांपतात त्यांच्यासाठीं ती ठेविलेली आहे, आणि कित्येक यंत्रांत शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यानें ती नकळत चालूं होते. विश्रांतीनंतरचें पहिलेंच अक्षर गळत असेल, तर वीज वांचविण्यासाठीं प्रणाली कळफलकास निजवीत असावी. वीजबचतीच्या मांडणींतून तो वगळावा.

मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि गुण आला, तर तो कशानें आला हें कळत नाहीं. प्रेषित थोमानें व्रण पाहिल्यावांचून विश्वास ठेविला नाहीं, म्हणून त्यास बोल लागला. यंत्राच्या बाबतींत ती वृत्ति सद्गुणच होय. विद्यार्थिमित्रहो, पाहिल्यावांचून यंत्रास दोष देऊं नका. आणि पालकांस विनंति, पाहिल्यावांचून तो मुलांसही देऊं नये.