‘गादी फाटली आहे, दुर्बिणीतून करून टाका’

एमआरआयच्या फिल्मचं मोठं पाकीट छातीशी धरून माणसं माझ्याकडे येतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधीही रुग्ण भेटतो आणि नंतरही. पाकीट उघडायच्या आधीच प्रश्न येतो, “गादी फाटली आहे म्हणे. दुर्बिणीतून करून टाकू का?” विचारणारा कधी एकोणीस वर्षांचा कबड्डी खेळणारा मुलगा असतो. कधी अठ्ठावन्न वर्षांच्या काकू असतात, ज्यांना दोन वर्षं जिना उतरताना त्रास होतोय. दोघांचा प्रश्न एकच असतो आणि रिपोर्टमधला शब्दही एकच, ‘टिअर’. उत्तरं मात्र दोन द्यावी लागतात. ती दोन का, हे ओपीडीतल्या पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

“म्हणजे वाट्या बदलणार ना?”

नाही. आपल्याकडे सांधेबदलाच्या ऑपरेशनला सर्रास ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. वाटी म्हणजे गुडघ्याच्या पुढचं गोल हाड. सांधेबदलात मुख्यतः मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूचे आणि प्लास्टिकचे भाग बसवतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे आर्थ्रोस्कोपीत, यातलं काहीच होत नाही.

तिथे वाटीच्या खालच्या बाजूला, डावीउजवीकडे, सेंटिमीटरभराहून लहान अशी दोन भोकं पाडतात. एकातून साधारण ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते, दुसऱ्यातून बारीक हत्यारं. सलाईन सोडून सांधा फुगवतात, म्हणजे आत बघायला जागा होते. बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर केलेला असतो, त्यामुळे पुष्कळ रुग्ण जागे राहून समोरच्या पडद्यावर स्वतःचाच गुडघा बघतात. लेसरचा यात काही संबंध नसतो, तरी ‘लेसरनं गादी शिवली’ असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक गल्लीत भेटतं.

हे तंत्र नवं आहे, असंही अनेकांना वाटतं. टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली होती. त्या काळी जपानमध्ये गुडघ्याचा क्षय पुष्कळ असे. त्यात गुडघा आखडायचा आणि माणसाला जमिनीवर बसता येईनासं व्हायचं. ज्या समाजात पाहुण्यासमोर गुडघे मुडपून बसणं ही रीत होती, तिथे हे दुखण्याइतकंच अपमानाचंही होतं. पंगतीत मांडी घालता येत नाही म्हणून लग्नकार्याला जायचं टाळणाऱ्या आपल्याकडच्या आजीला ही गोष्ट चटकन कळेल. ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली दुर्बिणीतून गादीचा फाटका भाग काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन १९६४ साली टोकियोला गेले, त्यांच्याकडून ती विद्या शिकले आणि उत्तर अमेरिकेत घेऊन आले. तिथून ती जगभर गेली.

“रिपोर्टमध्ये फाटलंय असं लिहिलंय. मग ऑपरेशन आलंच.”

हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज, म्हणून इथे जरा थांबते.

आपण ‘गादी’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत मुलामा असतो, ती कूर्चा. आणि दोन हाडांच्या मध्ये, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला, चंद्रकोरीच्या आकाराचे दोन चिवट पट्टे असतात, ते मेनिस्कस. रिपोर्टमधली फाटलेली गादी म्हणजे बहुधा मेनिस्कस. तरुण गुडघ्यात तो पीळ बसून एका क्षणात फाटतो. पन्नाशीनंतर तोच मेनिस्कस, नेसून नेसून विरलेल्या सुती लुगड्यासारखा, काही न घडताही उसवतो. फिल्मवर दोन्हींना ‘टिअर’ म्हणतात.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले. हे रुग्ण नव्हते, गावातून सहज निवडलेली माणसं होती. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचा मेनिस्कस फाटलेला दिसला, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचं दुखणं किंवा आखडणं काहीच नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत तर निम्म्याहून अधिक जणांचा मेनिस्कस फाटलेला होता. म्हणजे पन्नाशीनंतर फिल्मवर फाटलेली गादी दिसणं हे डोक्यावर पांढरा केस दिसण्यासारखं आहे. गुडघा दुखतो हे खरं आणि गादी फाटली आहे हेही खरं, पण दुखतंय ते त्या फाटण्यामुळेच, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मग तो फाटका भाग काढून टाकला तर? हे फिनलंडच्या डॉक्टरांनी तपासलं. ३५ ते ६५ वयाचे १४६ रुग्ण घेतले. सर्वांचा मेनिस्कस झिजून फाटलेला, पण सांध्याची झीज झालेली नाही. सर्वांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन दुर्बीण घातली. निम्म्यांचा फाटका भाग काढला, निम्म्यांचा काढल्याचा फक्त देखावा केला. कोण कुठल्या गटात, हे रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षभरानंतर दोन्ही गटांत सारखीच सुधारणा झालेली होती. हे २०१३ सालचं.

म्हणून काकूंना मी सांगते, आधी उभं राहून काढलेला साधा एक्स-रे दाखवा. पन्नाशीनंतरच्या गुडघ्याबद्दल तो पुष्कळदा एमआरआयपेक्षा जास्त उपयोगी माहिती देतो.

“आतून धुऊन साफ केलं की सांधेबदल टळतो”

गुडघ्याची झीज झालेल्या माणसाला हे ऐकायला फार बरं वाटतं. वंगण संपलंय, कचरा साठलाय, धुऊन टाका. दुचाकीची सर्व्हिसिंग करतो तसं. एके काळी जगभर हजारो गुडघे असे धुतले गेले.

२००२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनहून एक निबंध प्रसिद्ध झाला आणि अस्थिरोगाच्या जगात खळबळ उडाली. तिथल्या १८० रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाचा सांधा धुतला, दुसऱ्याचा धुऊन खरवडून साफ केला, तिसऱ्याच्या फक्त कातडीवर छेद दिले. दुर्बीण आत घातलीच नाही. रुग्णाला शंका येऊ नये म्हणून पाण्याचे आवाजसुद्धा केले. दोन वर्षं तिन्ही गटांवर लक्ष ठेवलं. खरी शस्त्रक्रिया झालेल्यांना खोटी झालेल्यांपेक्षा कोणत्याही टप्प्यावर कमी दुखलं नाही. २००८ साली कॅनडाच्या अभ्यासातही व्यायाम आणि औषधं यांच्या जोडीला शस्त्रक्रिया केल्यानं जादा काही मिळालं नाही. अखेर २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टर आणि रुग्ण दोघांचा समावेश असलेल्या समितीनं स्पष्ट लिहिलं, की झिजेच्या जवळपास सर्व रुग्णांमध्ये ही शस्त्रक्रिया करू नये.

झीज थांबत नाही आणि सांधेबदलही टळत नाही. गादीचा भाग काढून टाकला तर तिच्यावर पडणारा भार हाडांवर पडतो. १९४८ सालीच ब्रिटिश सर्जन फेअरबँक यांनी पूर्ण मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे दाखवून हाडांत होणारे बदल नोंदवले होते.

अशा गुडघ्याला उपयोग होतो तो मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ देण्याचा, नेमानं, निदान तीन महिने. आणि वजनाचा. वजन एक किलोनं उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हे सांगितल्यावर लोकांचा चेहरा पडतो, मला तो दिसतो. व्यायामाचं पाकीट छातीशी धरता येत नाही. पण ज्या काकू तीन महिने चिकाटीनं येतात, त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना चौथ्या महिन्यात ऑपरेशनचा विषय काढावासाच वाटत नाही. तरीही सांधा पार झिजला असेल आणि रात्रीची झोप उडाली असेल, तर सांधेबदलाचा विचार थेट करावा. मधे दुर्बिणीची पायरी नाही.

“म्हणजे हे ऑपरेशनच फसवं आहे”

हे ऐकलं की मला वरच्या गैरसमजाइतकीच काळजी वाटते. कबड्डीच्या मुलाकडे आता येते.

पहिली गोष्ट, अडकलेला गुडघा. पीळ बसला आणि त्यानंतर गुडघा पूर्ण सरळच होत नाही, उशीवर ठेवला तरी वाकडाच राहतो. अशा वेळी मेनिस्कसचा लांब पट्टा सुटून सांध्याच्या मध्ये येऊन बसलेला असू शकतो, बादलीची कडी इकडून तिकडे पडावी तसा. डॉक्टरही त्याला बादलीच्या कडीचंच नाव देतात. हा गुडघा मालिशनं सुटत नाही आणि व्यायामानंही सुटत नाही. त्यावर बळ लावलं तर इजा वाढते. इथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया हवी आणि लवकर हवी, कारण ताजा पट्टा जागेवर बसवून शिवता येण्याची शक्यता जास्त असते. मेनिस्कसच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो, तिथली चीर टाके घातल्यावर सांधू शकते. तालमीत किंवा मैदानावर असा गुडघा हाडवैद्याकडे ‘बसवायला’ नेऊन आठवडे गेलेली मुलं मी पाहिली आहेत. माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. मात्र नुसती कटकट वाजणं किंवा क्षणभर अडखळणं म्हणजे अडकणं नव्हे. तो आवाज पुष्कळ निरोगी गुडघ्यांतही येतो.

दुसरी गोष्ट, लिगामेंट. चढाईला गेलेल्या मुलाचा पाय जमिनीत रुतला, अंग फिरलं, आत ‘कट्’ झालं आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला. एवढ्या लवकर आलेली सूज बहुधा सांध्यात रक्त साठल्याची असते, आणि अशा वेळी पुढचं क्रुसिएट लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तुटल्याची शंका घ्यावीच लागते. ते पुन्हा बांधताना मांडीमागच्या स्नायूची किंवा वाटीखालची दोरी वापरतात, आणि हे काम दुर्बिणीतूनच होतं.

पण तुटलेलं प्रत्येक एसीएल बांधावंच लागतं, असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांपैकी निम्म्यांची लगेच शस्त्रक्रिया केली, उरलेल्यांना आधी व्यायाम दिले आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया, असं ठरवलं. पाच वर्षांनी दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती आणि दोन्ही गटांचे गुडघे सारखेच चालत होते. व्यावसायिक खेळाडू मात्र त्या अभ्यासात नव्हते. उलट २०२२ साली ब्रिटनमध्ये जुन्या दुखापतीच्या ३१६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेचं पारडं जड ठरलं. मी मुलाला दोनच गोष्टी विचारते. चालताना, वळताना गुडघा दगा देतो का? आणि तुला पुन्हा चढाई करायची आहे का? दोन्हींना ‘हो’ असेल, तर त्यानं सर्जनशी सविस्तर बोलावं.

याखेरीज हाडाचा किंवा कूर्चेचा तुटका तुकडा सांध्यात फिरत असेल, सांध्यात पू झाला असेल (हे तातडीचं काम, तासांवर मोजायचं) किंवा आतल्या अस्तराचा तुकडा तपासणीसाठी हवा असेल, तर दुर्बिणीसारखं साधन नाही.

“दोन टाके तर आहेत. चार दिवसांत चालू.”

भोकं सगळ्यांची सारखीच दिसतात, आत केलेलं काम वेगळं असतं. फक्त फाटका भाग काढला असेल तर माणूस त्याच दिवशी चालतो आणि एकदोन आठवड्यांत टेबलावरचं काम करू शकतो. गादी शिवली असेल तर पहिले चार ते सहा आठवडे भार आणि वाकवणं मोजून मापून, आणि उकिडवं बसायला साधारण चार महिने बंदी. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा. एसीएल बांधलं असेल तर मैदानावर परतायला किमान नऊ महिने. सहाव्या महिन्यात मुलाला गुडघा ठणठणीत वाटतो आणि प्रशिक्षकाचा फोन येतो. नेमकी तीच वेळ सांभाळायची असते, कारण घाईनं परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे.

धोका कमी आहे, शून्य नाही. इंग्लंडमधल्या सुमारे सात लाख शस्त्रक्रियांच्या नोंदींत हजारी साधारण तीन जणांना नव्वद दिवसांत गंभीर त्रास झाला. त्यात सांध्याचा जंतुसंसर्ग होता आणि फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळीही होती. म्हणून घरी सोडताना मी रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला, दोघांनाही समोर बसवून सांगते. थोडी सूज आणि दुखणं अपेक्षित आहे. पण पोटरी कडक होऊन दुखू लागली, ताप आला, भोकातून पू किंवा सतत पाणी येऊ लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दुखलं किंवा एकाएकी दम लागला, तर मला फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.