हिंगणघाटचा साहेब आणि चंद्रपूरचा प्लॉट

‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी निकाली काढला. ही जमीन वनच आहे, असं न्यायालयाने सांगितलं आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना वेगळी वाट ठेवली. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, त्यातही चंद्रपूर-गडचिरोलीत, त्यानंतर सगळीकडे एकच चौकशी सुरू झाली: आमचा गट त्यात येतो का? शहराच्या कडेला नवा लेआउट टाकणाऱ्यांना तर आधी याचंच उत्तर हवं. उत्तर द्यायला जीआयएस, म्हणजे नकाशांचे थर जुळवणारी संगणकप्रणाली, तयारच असते. क्यूजीआयएससारखं फुकटचं सॉफ्टवेअर उघडायचं, गावनकाशा, वनहद्द, नदीची पूररेषा आणि उपग्रहचित्र एकावर एक टाकायचं, की क्षणात लाल-हिरवे तुकडे पडद्यावर. सादरीकरणात ते इतके देखणे दिसतात की शंका काढणाराच अडाणी ठरतो.

शंका काढायलाच हवी. स्वस्तातल्या कॅलेंडरवरची लक्ष्मी आठवा. छापताना लाल रंगाचा ठसा जरा सरकला की कुंकू कपाळाऐवजी भुवईवर उतरतं आणि ओठ हनुवटीवर जातात. लाल चांगला असतो, काळाही चांगला असतो, प्रत्येक रंगाची प्लेट निर्दोष असते. फक्त त्या एकमेकींवर नीट बसलेल्या नसतात. देवीच्या बाबतीत ही चूक शेंबडं पोरही पकडतं, कारण कुंकू कुठे असतं हे त्याला ठाऊक असतं. वनहद्द कुठे असायला हवी, हे पडद्याकडे पाहून कोणाला कळणार?

नकाशांच्या प्लेटा सरकतात कशाने? भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या ‘एव्हरेस्ट १८३०’ या लंबगोलावर बेतलेले आहेत, तर मोबाइलमधला जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ हा दुसराच लंबगोल धरतो. दोघांची विषुववृत्तीय त्रिज्या साधारण ८६० मीटरनी वेगळी, आणि केंद्रंही एका जागी नाहीत. रूपांतर न करता एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर ठेवले, तर चंद्रपूरच्या आसपास ठिकाण शंभर ते दोनशे मीटर सरकतं. आता निकालातला आणखी एक तपशील पाहा. ३ हेक्टरपेक्षा लहान आणि वनाला न लागलेल्या तुकड्यांचा विचार संरक्षित वन म्हणून करायचा आहे. ३ हेक्टरच्या चौरसाची बाजू होते साधारण १७३ मीटर. म्हणजे एक रूपांतर विसरलं, तर अख्खा तुकडा शेजाऱ्याच्या जागेवर जाऊन बसतो आणि वनाला न लागलेला तुकडा वनाला लागतो!

या एव्हरेस्टच्या लंबगोलामागची मेहनत मात्र बऱ्याच अंशी दुसऱ्याची. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत, तंजावरला एकदा तो आपटून मोडल्यावर स्वतः दुरुस्त करत, हा माणूस वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरला जाताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याने देह ठेवला. तिथेच त्याला पुरलं. वरोरा-भद्रावतीमार्गे चंद्रपूरला येणारी रेल्वे त्याच गावावरून येते. त्याच्या मदतनिसाचं, म्हणजे जॉर्ज एव्हरेस्टचं, नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. लॅम्बटनच्या वाट्याला शिखर सोडाच, शाळेच्या पुस्तकातली धड एक ओळही आली नाही. मला हे पटत नाही, आणि संधी मिळेल तिथे मी ते लिहिणार.

गावनकाशाची अडचण आणखी निराळी. तो साखळीने मोजून कागदावर उतरवलेला असतो, त्यावर अक्षांश-रेखांश नसतातच. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड शोधायचा, जीपीएसने त्याची जागा घ्यायची आणि कागद त्या दगडांना बांधायचा. दगड उपटलेला असेल तर विहीर, देऊळ, जुना बांध, जे सापडेल ते. खोलीत बसून हे होत नाही.

शिवाय जो थर टाकलाच नाही, तो सॉफ्टवेअर दाखवत नाही. इरई नदीची निळी रेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे थर हल्ली मागितले जातात. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावात पाणी आणणाऱ्या उताराचं काय? तलाव निळा दिसतो, त्याचं पाणलोट दिसत नाही, आणि लेआउट नेमका तिथे पडतो. जमिनीखालच्या कोळशाच्या जुन्या खाणींचं काय? ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गेलं. उपग्रहाच्या चित्रात ते आदल्या दिवसापर्यंत इतर घरांसारखंच होतं.

आता मोजणीला रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा घेणारी यंत्रं, आले आहेत. ते जागा सेंटिमीटरपर्यंत सांगतात आणि या यंत्राचं कौतुक रास्त आहे. पण १:४००० प्रमाणाच्या जुन्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ जमिनीवर २ मीटर रुंद होते. त्या दोन मीटरांत कुंपणाचा खांब नेमका कुठे रोवायचा, हे रोव्हर सांगत नाही. ते दोन्ही शेजाऱ्यांना समोर उभं करून भूमापकालाच ठरवावं लागतं.