विषुववृत्तावरचे पेंग्विन आणि थंड पाण्याचा आधार

डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात हवेची नळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत समुद्रतळ न्याहाळणे, म्हणजे स्नॉर्केलिंग. उष्ण कटिबंधातील बेटांवर या छंदात बहुधा प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे दिसतात. गालापागोस बेटांच्या पश्चिम भागात मात्र पोहणाऱ्याच्या शेजारून पेंग्विन सुळकन निघून जातो आणि खाली काळा सरडा खडकाला नख्या रोवून शेवाळ खरवडताना दिसतो. समुद्रात चरणारा सरडा जगात अन्यत्र कोठेही नाही.

इक्वेडोरचा हा द्वीपसमूह दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात विषुववृत्तावर वसला आहे. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विनने येथील जीवसृष्टीची निरीक्षणे केली होती. फर्नांदिना बेट आणि इसाबेलाचा पश्चिम किनारा पाहण्यासाठी पर्यटक सहसा लहान जहाजावर मुक्काम करून काही दिवसांची सफर करतात.

विषुववृत्तावर पेंग्विन कसे, याचे उत्तर पाण्याखाली आहे. पृष्ठभागाखालून पूर्वेकडे वाहणारा क्रॉमवेल प्रवाह या बेटांवर आदळतो आणि खोलवरचे थंड पाणी वर येते. त्यातील पोषक द्रव्यांवर शेवाळ व सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्या आधारे मासे येतात आणि माशांवर पेंग्विन जगतात. उडता न येणारा पाणकावळाही याच किनाऱ्यांवर आढळतो. थंड पाण्यात सरड्याचे शरीर गारठते. त्यामुळे चरून आल्यावर तो तासन् तास उन्हात पडून राहतो आणि अंगातील जादा मीठ नाकावाटे फवारून टाकतो.

ही साखळी तुटते ती 'एल निनो'च्या काळात. मान्सूनच्या अंदाजामुळे भारतात परिचित झालेल्या या घटनेत पॅसिफिकमधील व्यापारी वारे मंदावतात, पृष्ठभागाचे पाणी तापते आणि पोषक पाणी वर येणे कमी होते. १९८२-८३ च्या एल निनोनंतर येथील पेंग्विनची संख्या सुमारे ७७ टक्क्यांनी घटली होती. शेवाळ दुर्मीळ झाले की सरड्यांची उपासमार होते. अशा काळात त्यांच्या शरीराची लांबी २० टक्क्यांपर्यंत कमी होते आणि अन्न मिळू लागल्यावर पुन्हा वाढते, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

पर्यटकांसाठी नियम कडक आहेत. परवानाधारक मार्गदर्शक सोबत लागतो, प्राण्यांपासून दोन मीटर अंतर राखावे लागते आणि त्यांना स्पर्श करण्यास मनाई आहे. ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी पर्यटकांचे प्रवेशशुल्क १०० डॉलरवरून २०० डॉलर झाले.

२०२० च्या गणनेत १,९४० पेंग्विन मोजले गेले. आदल्या वर्षी ते १,४५१ होते. ला निनामुळे मिळालेले मुबलक अन्न आणि कोरोनाकाळात थांबलेले पर्यटन ही या वाढीची कारणे सांगण्यात आली. यापैकी पर्यटनाला नियमांची वेसण घालता येते. समुद्राच्या वाढत्या तापमानावर मात्र गालापागोसच्या उद्यान प्रशासनाकडे उपाय नाही आणि अवघ्या दोन हजारांच्या आसपास असलेल्या या पक्ष्यांचे भवितव्य त्यावरच अवलंबून आहे.