तोंडी शब्दाची पेढी

1999 च्या ऑक्टोबरात विल्यम बेअर्ड या ब्रिटिश कंपनीला तिच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा निरोप आला: चालू हंगामाचा माल संपला की पुढे तुमच्याकडून काही घेणार नाही. बेअर्ड मूळची स्कॉटलंडमधली, कोळसा आणि लोखंडातली. कपड्यांत ती नंतर उतरली आणि तीस वर्षं याच एका गिऱ्हाइकासाठी कोट-स्कर्ट शिवत राहिली. यंत्रं त्याच्या पसंतीची घेतली, कारखाने त्याच्या गरजेप्रमाणे उभारले. गिऱ्हाइकाचं नाव मार्क्स अँड स्पेन्सर.

बेअर्ड कोर्टात गेली. मार्क्सने निदान तीन वर्षं आधी सांगायला हवं होतं, असं म्हणत तिने 5 कोटी 36 लाख पौंडांची भरपाई मागितली. पण तीस वर्षांत दोघांनी दीर्घ मुदतीचा एकही कागद केलेला नव्हता. हंगामाची ऑर्डर यायची, माल जायचा, पैसे मिळायचे. 2001 मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, की मार्क्सने मुद्दामच स्वतःला बांधून घेतलेलं नव्हतं. करारच नाही, तर तो मोडणार कुठून? इंग्लंडात कायद्याची मुलं हा खटला अजून अभ्यासतात. मार्क्सच्या पडत्या काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, फॅशन चुकली, दुकानं जुनाट झाली, वगैरे. ते खरंच आहे. पण या घराण्याचं मोठेपण आणि त्याची पडझड एकाच जागी बघायची, तर ती या खटल्यात दिसते.

कारण मार्क्सचं सगळं वैभव तोंडी शब्दावरच उभं राहिलं होतं. मायकेल मार्क्स हा रशियन साम्राज्यातल्या (आता बेलारूसमधल्या) स्लोनिमचा ज्यू तरुण. इंग्लंडात आला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेमच येत होतं. लीड्समधल्या आयझॅक ड्यूहर्स्ट या घाऊक व्यापाऱ्याने त्याला 5 पौंड उसने दिले. त्यातून आधी दारोदार फेरी आणि 1884 मध्ये कर्कगेट मार्केटात गाळा. किंमत विचारू नका, सगळं एक पेनी, अशी पाटी होती. घासाघीस करायला भाषा लागते, पाटी लावली की लागत नाही. 1894 मध्ये ड्यूहर्स्टचाच रोखपाल टॉमस स्पेन्सर 300 पौंड घालून भागीदार झाला. स्पेन्सर 1905 मध्ये गेला, मार्क्स 1907 मध्ये. उसने पैसे देणाऱ्या ड्यूहर्स्टच्या वारसांनी मात्र पुढे शतकभर याच दुकानाला कपडे पुरवले.

दुकानाची पेढी केली ती मायकेलच्या मुलाने, सायमनने. 1916 पासून 1964 मध्ये मरेपर्यंत तो अध्यक्ष होता, आणि मेहुणा इस्रायल सीफ जन्मभर त्याच्या जोडीला. यांची खरी करामत विक्रीत नव्हती, खरेदीत होती. त्या काळी कारखानदाराने थेट दुकानदाराला माल देणं म्हणजे घाऊक व्यापाऱ्यांच्या संघटनेचा रोष ओढवून घेणं. लेस्टरच्या कोरा या विणमाल कारखान्याला सीफने 1926 मध्ये गुपचूप राजी केलं. कोराच्या मालावर सेंट मार्गारेटचा छाप असे. सायमनने 1928 मध्ये वडिलांच्या नावावरून दुकानाचा स्वतःचा छाप नोंदवला, सेंट मायकेल. पन्नाशीच्या दशकापर्यंत दुकानातला जवळजवळ सगळा माल या एकाच छापाचा झाला होता. दुकानदार असून कारखानदाराच्या डोक्यावर बसणारा, सूत कुठलं, टीप किती, रंग धुतल्यावर उतरतो का, हे प्रयोगशाळेत तपासून घेणारा दुकानदार ब्रिटनने तोवर पाहिला नव्हता.

नोकरांनाही हा कडक मालक जपायचा. फ्लोरा सोलोमन नावाच्या बाईंनी तुमच्या दुकानांतल्या मुली उपाशीपोटी उभ्या असतात असं तोंडावर सुनावलं, तेव्हा सायमनने त्यांनाच कामावर घेतलं. तीसच्या दशकात दुकानांत स्वस्त जेवणघरं आली, डॉक्टर आले. (याच सोलोमनबाईंच्या मुलाने, पीटर बेनेन्सनने, पुढे अॅम्नेस्टी इंटरनॅशनल स्थापन केली.)

गिऱ्हाइकाशीही व्यवहार असाच विश्वासाचा. कित्येक वर्षं दुकानात कपडे घालून बघायची सोयच नव्हती. घरी न्या, घालून बघा, नाही बसलं तर परत आणा, पैसे मिळतील. जाहिरात जवळपास नाहीच. बाहेरची क्रेडिट कार्डं 2000 साल उजाडेपर्यंत चालत नसत. आणि तरी ब्रिटनमधल्या कुठल्याही गावाच्या मुख्य पेठेत भारदस्त दर्शनी भाग असलेलं दुकान दिसलं, तर ते बहुधा मार्क्सचंच. शाळेचा गणवेश, लग्नाचा सूट आणि मुख्य म्हणजे चड्ड्या-बनियन: मध्यमवर्गीय इंग्रज माणूस पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत मार्क्समध्येच ल्यालेला. आपल्याकडेही लंडनहून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत सेंट मायकेलचा स्वेटर असला, की तो नीट घडी घालून वर्षानुवर्षं कपाटात राही.

1998 मध्ये मार्क्सचा वार्षिक नफा 1 अब्ज पौंडांच्या वर गेला. एवढा नफा कमावणारं ते पहिलं ब्रिटिश दुकान. अध्यक्ष सर रिचर्ड ग्रीनबरी हे 1953 मध्ये उमेदवारी करायला आलेले आणि तिथेच चढत गेलेले. ज्याने दुसरं दुकान पाहिलंच नाही, त्याला आपल्या दुकानाची जुनी सवय आणि जुना गुण यांतला फरक कसा कळावा? त्यांनी लिटलवुड्स या दुसऱ्या दुकानसाखळीची 19 दुकानं विकत घेतली होती, तीही नव्याने सजवायची होती. त्याच हिवाळ्यात राखाडी-काळ्या कपड्यांचे ढीग मांडण्यांवर पडून राहिले. संचालक मंडळात वारसदार कोण यावरून भांडण पेटलं आणि ते वर्तमानपत्रांत आलं. पुढच्या वर्षी नफा जवळपास निम्म्यावर.

बाहेर तोवर बाजार पार पालटला होता. नेक्स्ट, गॅप, झारा यांचे कपडे तरुणांना आवडत होते, आणि सुपरमार्केटं भाजीच्या पिशवीसोबत स्वस्त टी-शर्टही देऊ लागली होती. त्यांचा माल स्वस्त मजुरीच्या देशांतून येत होता. मार्क्सचा अजून बराचसा ब्रिटनमध्ये शिवला जाई आणि ती त्याची शान होती. नफा चालू होता तोवर या शानेची किंमत कुणी मोजली नाही. मोजायची वेळ आली तेव्हा काही महिन्यांत मोजून झाली. बेअर्ड सुटली. कोर्टोल्ड्स, कोट्स व्हियेला या जुन्या पुरवठादारांचाही मार्क्सवर विसंबलेला धंदा कोसळला. शिलाई मोरोक्को, श्रीलंका, बांगलादेश, भारत अशी सरकली. सेंट मायकेलचा छाप 2000 मध्ये काढून टाकला. युरोपातली 38 दुकानं बंद करायचं 2001 मध्ये जाहीर झालं, तेव्हा फ्रान्समधले नोकर रस्त्यावर उतरले. अमेरिकेतली आपल्या मालकीची ब्रुक्स ब्रदर्स ही कपड्यांची पेढी विकली. भारतात मार्क्सने पाऊल ठेवलं तेही याच पडझडीच्या वर्षी, आणि 2008 पासून रिलायन्सबरोबरच्या भागीदारीतून ते इथल्या मॉलांत बस्तान बसवून आहे.

कपड्यांचं असं होत असताना खाण्याच्या बाजूला वेगळीच गोष्ट चालली होती. खाद्यपदार्थ मार्क्समध्ये 1931 पासून. 1948 मध्ये नेथन गोल्डनबर्ग हा रसायनज्ञ कामावर आला आणि त्याने पुरवठादारांच्या कारखान्यांत जाऊन स्वच्छता तपासण्याची शिस्त घातली. बाकीची दुकानं कोंबडी गोठवून विकत असताना मार्क्सने ती न गोठवता, फक्त थंड ठेवून विकायचं ठरवलं. त्यासाठी कत्तलखान्यापासून मांडणीपर्यंत सगळी साखळी थंड ठेवायला पुरवठादारांना भाग पाडलं. या साखळीच्या जोरावर 1979 मध्ये कॅथी चॅपमन यांनी चिकन कीव्ह आणलं: लसणीचं लोणी भरलेली, पावाच्या चुऱ्यात घोळलेली कोंबडी; घरी नेऊन फक्त भट्टीत ठेवायची. ब्रिटनमधल्या थंड तयार जेवणाच्या धंद्याची सुरुवात तिथून धरतात. 1980 मध्ये त्रिकोणी डब्यात बंद केलेलं सँडविच आलं. ऑफिसातल्या माणसाची दुपार त्यावर निघू लागली.

इथेही पद्धत सीफचीच. पाककृती मार्क्सची, कारखाना दुसऱ्याचा, देखरेख कडक. मग कपड्यांत जी पद्धत मोडली ती खाण्यात का टिकली? माझ्या मते उत्तर साधं आहे. सँडविच जहाजातून आणता येत नाही. दोन दिवसांत विटणारा माल जवळच करावा लागतो, आणि जवळ करणाऱ्याशी रोज बोलावं लागतं. सदरा विटत नाही, म्हणून तो दूर गेला, आणि त्याच्याबरोबर कारखान्याच्या दारात रोज उभं राहायची सवयही गेली. दूर जाणं चूक होतं असं मला म्हणायचं नाही. गेले नसते तर कदाचित दुकानच उरलं नसतं. पण कपड्यांचं मार्क्स मग इतर दहा दुकानांसारखंच एक झालं, आणि खाण्याचं झालं नाही.

पुढची वीस वर्षं सुधारणेचीच होती, एकामागून एक. 2004 मध्ये बीएचएस आणि आर्केडिया या दुकानसाखळ्यांचा मालक फिलिप ग्रीन याने मार्क्स विकत घ्यायचा घाट घातला. मार्क्सचा नवा प्रमुख स्टुअर्ट रोझ याने तो परतवला, आणि 2008 च्या हिशेबात नफा पुन्हा 1 अब्जावर नेला. ग्रीनचं तेव्हाचं बीएचएस 2016 मध्ये बुडालं, त्याचं आर्केडिया 2020 मध्ये. मार्क्स बुडालं नाही, झिजत राहिलं. दर नवा प्रमुख कपडे सुधारणार असं सांगे, आणि वर्षअखेरीस आकडा सावरायचा तो खाण्याने. 2019 मध्ये लंडन शेअर बाजाराच्या शंभर बड्या कंपन्यांच्या यादीतून मार्क्स बाहेर पडलं. 1984 मध्ये यादी सुरू झाल्यापासून ते पहिल्यांदाच. कोविडात सात हजार नोकऱ्या गेल्या आणि कंपनी म्हणून शेअर बाजारात 94 वर्षं काढल्यावर पहिल्यांदा तोटा दाखवावा लागला. त्याच सुमाराला 75 कोटी पौंड मोजून घेतलेली ओकॅडोच्या घरपोच किराण्यातली निम्मी भागीदारी तेवढी वेळेवर कामी आली.

2023 मध्ये मार्क्स त्या शंभरांत परत आलं. कपडेही आता बरे खपतात. पेढी सावरली असं म्हणायला हरकत नाही. फक्त ती पूर्वीच्या जागी सावरलेली नाही. 2018 मध्ये बंद करायच्या दुकानांच्या यादीत डार्लिंग्टन होतं, वॉल्सॉल, फॉलकर्क, नॉर्थहॅम्प्टन होतं: कापड, लोखंड, चामडं यांवर मोठी झालेली गावं. 2022 मध्ये ठरलं, की कपडे-खाणं दोन्ही विकणारी 247 मोठी दुकानं 180 वर आणायची आणि गावाबाहेर, गाडी लावायला ऐसपैस जागा असलेली नुसत्या खाण्याची शंभरावर नवी काढायची. पेठेतलं मार्क्स गेलं की शेजारचे दुकानदार हवालदिल होतात, कारण माणसं पेठेत यायची ती त्याच्यासाठी.

नव्या दुकानांत चिकन कीव्ह मिळतं, बनियन मिळत नाही. तो ऑनलाइन मागवायचा. 2025 च्या एप्रिलमध्ये सायबर हल्ला झाला आणि हे मागवणंही सहा आठवड्यांहून जास्त बंद पडलं. नफ्याला सुमारे 30 कोटी पौंडांचा फटका बसेल, असा कंपनीचाच अंदाज होता. ज्या गावातलं जुनं दुकान बंद झालं होतं, तिथल्या माणसाला त्या दिवसांत मार्क्सचाच बनियन हवा असेल, तर बस पकडून दुसऱ्या शहरात जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.